पन्नासची लेन्स आणि अप्पांची पूजा

कॅमेरा दिसला की आमचे अप्पा खांब होतात. लातूरला त्यांचं कापडाचं दुकान आहे. गिऱ्हाइकाशी घटकाघटका गप्पा मारणारा माणूस, पण फोटो म्हटलं की मान ताठ, हात मांडीवर आणि डोळे वटारलेले. आधार कार्डापासून माझ्या लग्नाच्या अल्बमपर्यंत सगळीकडे तेच एक तोंड. हा माणूस माझा बाप नव्हेच, असं मला प्रत्येक फोटोत वाटतं. त्यांचं खरं तोंड एकदा तरी फोटोत यावं, या एका हट्टापायी मी मध्यम प्रतीचा डीएसएलआर घेतला.

अप्पा स्वतःला विसरतात ते फक्त सकाळच्या इष्टलिंग पूजेत. आम्ही लिंगायत. अप्पा आणि अव्वा, म्हणजे माझी आई, शेजारीशेजारी पाटांवर बसतात, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेतात आणि त्याच्यावर नजर लावतात. आमचं देवघर म्हणजे स्वयंपाकघराचा बिनखिडकीचा कोपरा, उजेड काय तो समईचा. कॅमेऱ्यासोबत मिळालेल्या लेन्सनं मी दारातून फोटो काढून पाहिला, तर अप्पांच्या जागी नुसता धुरकट डाग. पूजेत फ्लॅश मारायची तर सोयच नाही.

सासरी नांदेडला आल्यावर मी लेन्सच्या शोधाला लागले. नवऱ्यानं सल्ला दिला, लांबची झूम घे, म्हणजे दाराआडून गुपचूप काढता येईल. दुकानदारानंही तीच हातात ठेवली. काउंटरवरून मला समोरच्या रिक्षावाल्याच्या मिशीतला केस न् केस मोजता आला! मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण मग मी दुकानदाराला ट्यूबलाइट बंद करायला सांगितली. ही बाई गिऱ्हाईक आहे की आणखी कोणी, असं त्याच्या चेहऱ्यावर उमटलं, तरी बिचाऱ्यानं बटण दाबलं. अंधारात झूमची सगळी ऐट उतरली. तिचं तोंड फार उघडतच नाही, उजेड आत कमी येतो, त्यामुळे चित्र हललेलं. मग त्यानं पन्नास एमएमची एक छोटी लेन्स दिली. तिला झूम नाही, दिसायला वाटीएवढी. पण ती इतकी उघडते की कोपऱ्यातल्या खोक्यांवरची अक्षरंसुद्धा वाचता आली. मी बघतच राहिले. अडचण एकच, तिच्यानं चोरून काही होत नाही. चेहरा भरून हवा तर समोर जाऊन बसावं लागतं.

म्हणजे अप्पांना विचारणं आलं. माहेरी गेल्यावर भीतभीत विचारलं. ते म्हणाले, "आंघोळ करून बस. पूजेत मी कुणाकडं बघत न्हाई. पण फटाक्‌दिशी उजेड पाडायचा न्हाई."

सकाळी मी त्यांच्यापुढं, हात लांबवला तर गुडघ्याला लागेल इतक्या अंतरावर बसले. अप्पांनी भस्म लावलं, लिंग तळहातावर घेतलं, बेलाचं पान वाहिलं. मग पापणी हलेनाशी झाली. कपाळाच्या आठ्या एकेक करून उतरल्या. पाळण्यातल्या लेकराकडं बघावं तसे ते हाताकडं बघत होते, आणि बघताबघता तेच लेकरासारखे दिसायला लागले. याच घरात मी लहानाची मोठी झाले, रोज ही पूजा चालताना दप्तर भरलं, आणि हा चेहरा माझ्या वाट्याला आता येत होता. बटण दाबायचं भान राहिलं नाही. दाबलं तेव्हा खटका केवढा मोठा वाजला, पण अप्पांना त्याची खबरच नव्हती.

नाष्ट्याला चुरमुऱ्यांचा सुशीला खाताखाता मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो दाखवला. अप्पा वरवर बघून "बरा हाय" म्हणाले आणि दुकानाच्या किल्ल्या शोधायला लागले. अव्वानं मात्र चष्मा आणवला. कॅमेरा दोन्ही हातांत धरून ती फोटो बघत राहिली. चहा निवला.

"रोज मांडीला मांडी लावून बसते मी," ती म्हणाली. "पण माझी नजर माझ्या हातावर. हे आसे दिसतेत, मला ठावंच न्हवतं."

किल्ल्या सापडल्या होत्या, पण अप्पा दारातच थांबले. परत येऊन त्यांनी मला विचारलं, अव्वाचा काढलास का. मी नाही म्हटलं.

"मग उद्या हिच्यापुढं बस," ते म्हणाले. "मलाबी बघायचंय."