दांड्याची सायकल आणि फोल्डिंगची

सायकलच्या दुकानात आबा आणि मी एकदमच गेलो होतो. आबा म्हणजे माझे वडील, फौजेतून निवृत्त. आई गेल्यावर कराडजवळचं गाव सोडून ते सांगलीला माझ्याकडं राहायला आले. मोटरसायकल गावीच भावाला देऊन टाकलेली, आणि रिक्षात बसायचं म्हटलं की त्यांना आजारी माणसासारखं वाटायचं. मला स्वतःला फोल्डिंगची सायकल हवी होती. रोज एसटीनं पलूसला शिकवायला जायचं आणि स्टँडवरून शाळेपर्यंत पायपीट करायची, याचा वीट आला होता.

आबांनी माझ्या फोल्डिंगवरून हात फिरवला. "ही बरी हाय की. पाय टाकाय सोपी."

मी सगळ्या दुकानासमोर हसले. "आवं आबा, ती बायकांची. एवढी वर्षं फौजेत काढलीसा आणि आता सर्कशीतली सायकल चालवणार व्हय?"

दुकानदार हसला. आबाही हसले. "व्हय, ते बी खरंच," म्हणाले. मग मीच त्यांच्यासाठी हायब्रीड निवडली. सरळ हँडल, मोठी बारीक चाकं, मधे आडवा दांडा. घेऊन दिल्याचा मला केवढा अभिमान!

दोन्ही सायकली पार्किंगमध्ये शेजारी उभ्या असायच्या. माझी म्हणजे तापच होता. चाकं एवढीशी, त्यामुळं रस्त्यातला प्रत्येक खड्डा थेट कमरेत. एसटीत चढवताना कंडक्टर रोज नवं कारण काढून बोलायचा. आबांची मात्र मिरज रस्त्याला लागली की सुसाट. दोन पायडल मारले की पुढचा चौक. मी शाळेत सगळ्यांना सांगायचे, आमचे आबा या वयात कृष्णेच्या घाटापर्यंत जाऊन येतात, मधे कुठं टेकत नाहीत.

खरंच कुठं टेकत नव्हते. दारातल्या पायरीवर उभे राहून सायकलवर बसायचे आणि परत आले की त्याच पायरीला लावून उतरायचे. मला ती फौजी शिस्त वाटली. भाजी आणायला सांगावं तर रिकामी पिशवी परत यायची.

"आबा, मेथी?"

"इसरलो बग."

एकदा मेडिकलमधून गोळ्या आणायच्या विसरले, एकदा दूध. मी घाबरले. त्यांचा विसरभोळेपणा वाढतोय म्हणून डॉक्टरांकडं घेऊन गेले. डॉक्टरांनी वार विचारला, तारीख विचारली, शंभरातून सात सात वजा करायला लावले. आबांनी सगळं खडाखडा सांगितलं. तरी मी हट्टानं गोळ्या लिहून घेतल्या. रात्री जेवण झालं की आबा निमूटपणे गोळी घ्यायचे. न विसरता घ्यायचे, हे तेव्हा माझ्या टाळक्यात आलं नाही.

एका रविवारी मी बाजारातून चालत परत आले, तर आबा पार्किंगमध्ये माझ्या फोल्डिंगवर बसलेले. मला बघून चटकन उतरले. "चेन बघत हुतो. लय कुरकुर करती." चेन कुरकुरत नव्हती. मी म्हटलं, "ऱ्हाऊ द्या आबा, मेकॅनिक हाय की," आणि जिना चढले. तिथं थांबून एक प्रश्न विचारला असता तरी पुरलं असतं.

एका सकाळी जवळच्या गावातल्या एका जवानाचं पार्थिव शहरातून न्यायचं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. आबा घाटाकडून परत येत होते. गाडी येताना दिसल्यावर ते सायकलवरून उतरले. सायकलवर बसल्या बसल्या जवानाला निरोप देणं आबांच्यानं होणं शक्यच नव्हतं. सावधान उभे राहिले, गाडी दिसेनाशी होईपर्यंत.

पुढचं मला तिथल्या फळवाल्यानं सांगितलं. गर्दी पांगली. म्हातारबाबा सायकल धरून उभेच. मग त्यांनी विचारलं, "हितं कुठं पायरी हाय का वो?" फळवाल्याला कळेना. तो म्हणाला, मी धरतो, तुम्ही बसा. नको म्हणाले. सायकल तिरपी करून पाय दांड्यावरून टाकून बघितला, जमलं नाही. दुसऱ्यांदा टाकला आणि सायकलीसकट डांबरावर आडवे झाले. खुब्याचं हाड मोडलं.

फळवाला बोलत होता आणि मला त्या सगळ्या रिकाम्या पिशव्या दिसत होत्या. खुबा आखडला होता, आणि तो कधीपासून आखडला होता कोण जाणे. दारची पायरी सोडली तर सांगलीत कुठंही उतरल्यावर त्यांना परत चढता येत नव्हतं. भाजीवाल्यासमोरून, दूध डेअरीसमोरून, ओळखीच्या माणसासमोरून ते नुसते पुढं जात राहायचे. मला स्वतःची इतकी चीड आली की तिथंच भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

ऑपरेशन झालं, पण छातीत कफ भरला. आबा त्या खाटेवरून उठले नाहीत. तिसऱ्या आठवड्यात गेले.

त्याआधी एका दुपारी मी त्यांना विचारलं होतं. "आबा, सांगायचं न्हाई व्हय? माझी फोल्डिंग दिली असती की तुमाला."

"तुला शाळंला लागती ती."

"दुसरी घेतली असती."

आबा रागावलेले नव्हते, उलट माझीच समजूत घालावी तसं म्हणाले, "तूच म्हणालीस न्हवं पोरी, बायकांची हाय म्हणून."

मग त्यांनी पाणी मागितलं.