म्हातारा काही आजारी पडेना

दुसऱ्याच्या आजारपणावर आमच्या घरात तीन माणसं जगली. सासरे इंग्लंडात कॉव्हेंट्रीच्या हॉस्पिटलात डॉक्टर, मी तिथल्याच एका विमा कंपनीत, आणि तिसरा माझा मेव्हणा. पण आजारपणाची मनापासून वाट पाहिली ती त्याने एकट्यानेच, आणि तरीही त्याच्याइतका निर्मळ माणूस मी उभ्या इंग्लंडात पाहिलेला नाही. तो कंडक्टर होता. म्हणजे ऑर्केस्ट्रासमोर उभा राहून, हातात छोटी छडी घेऊन साठ-सत्तर वादकांना चालवणारा. सासऱ्यांना हे कुणाला समजावताना घाम फुटे. "मुलगा ऑर्केस्ट्रात असतो," ते म्हणत. "वा! काय वाजवतो?" "काही वाजवत नाही." मग समोरचा माणूस सहानुभूतीने विषय बदली.

वास्तविक त्याला सगळं येत होतं. सहाव्या वर्षी इंग्लंडात आला, त्यामुळे मराठी जरा लंगडं ("भाऊजी, तुमचा भाजी मस्त झालाय"), पण आपण पेपर वाचतो तशी तो स्वरलिपी वाचायचा. जेवताना डावीकडे स्वरलिपीचं जाडजूड पुस्तक, उजव्या हाताने घास, आणि पान कोपराने उलटायचं. मधेच घास हवेत थांबे. तेव्हा त्याला वाढायला जायचं नाही, कारण बासरीवाले आत येत असत. गाडीत शेजारी बसला की वायपरला "उशीर, उशीर!" म्हणून झापायचा. कॉलेजात पहिला आला, दोन बक्षिसं मिळवली आणि मग अकरा ऑर्केस्ट्रांकडे मुलाखती दिल्या. अकराही ठिकाणी त्याच्या हातांची स्तुती झाली. एका ठिकाणी तर "पूर्वेकडचं काही बसवायचं निघालं, तर तुम्हालाच बोलावू" असंही सांगितलं. हे तो हसत हसत सांगत होता. माझी बायको मात्र उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

शेवटी ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर लंडनच्या एका ऑर्केस्ट्राने त्याला राखीव कंडक्टर म्हणून घेतलं. काम असं, की मुख्य कंडक्टर आजारी पडला तर ऐनवेळी याने उभं राहायचं. तोवर प्रत्येक कार्यक्रमाला सगळं पाठ करून, टेलकोट घालून, बाराव्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसायचं. कार्यक्रमाच्या दिवशी हॉलपासून तासाभराच्या पलीकडे जायचं नाही. म्हणून तो लंडनलगत क्रॉयडनला राहिला. मुख्य कंडक्टर बहात्तर वर्षांचा, वजन सोळा स्टोन, म्हणजे शंभरावर किलो, दिवसाला आठ सिगार. माणसं कधी आणि किती आजारी पडतात याची कोष्टकं करणं हा माझा धंदाच. मी त्याला सांगितलं, "दोन वर्षं. फार तर अडीच."

म्हातारा काही आजारी पडेना. सात वर्षं मेव्हणा दर रविवारी फोन करी. "कसा आहे?" मी विचारी. "परवा दोनदा खोकला," तो आशेने सांगे आणि लगेच ओशाळून, "पण काय सुंदर वाजवून घेतलं, भाऊजी!" एकदा म्हाताऱ्याला खोकल्याची उबळ आली, तर यानेच खिशातली गोळी काढून दिली. मी चिडलो. "अरे, स्वतःच्या पोटावर पाय कसला आणतोस?" "पण भाऊजी, त्याला खरंच त्रास होत होता," तो म्हणाला. असे दोनशे बारा कार्यक्रम झाले. माझी कोष्टकं खोटी ठरली, आणि याचा टेलकोट बसून बसून मागून चकाकायला लागला.

आठव्या वर्षी बायकोने हट्ट धरला. "अहो, माझा भाऊ एकाही गणपतीला नाही. या वर्षी त्याला आणाच." आमच्या मराठी मंडळाचा गणपती लंडनपासून दोन तासांवर, कॉव्हेंट्रीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये असे, आणि त्या शनिवारीच लंडनला कार्यक्रम होता. आदल्या रविवारी तो आमच्याकडे आला, तेव्हा नकोच म्हणत होता. मी पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला : दोनशे बारात शून्य. "हा माणूस कोष्टकात बसतच नाही. आणि बाराव्या रांगेतली खुर्ची भरलीय की रिकामी, हे आजवर कुणी पाहिलंय? तू ये."

"खात्री देता?"

"सही करून देतो," मी म्हणालो, आणि खरोखरच सही केली.

तो आला. सात वाजता आरती सुरू झाली. आमच्या मंडळात पुढचे लोक घाईत, मागचे दोन ओळी मागे, आणि झांजेचं आपलं स्वतंत्र. दोन कडवी त्याने सोसली. मग खुर्चीवर चढला, हातात उदबत्ती घेतली आणि हात वर केला. "हे कोण हो?" माझ्या शेजारच्या गृहस्थांनी विचारलं. "डॉक्टरांचा मुलगा," त्यांच्या बायकोने सांगितलं. "ऑर्केस्ट्रात असतो. वाजवत नाही." त्याने बायकांना आवरलं, मागच्यांना पुढे ओढलं, झांजवाल्याकडे नुसतं पाहिलं, तर तो जन्मात प्रथमच तालात आला. दीडशे माणसं एका श्वासात हळू झाली, मोठी झाली आणि एकदम थांबली. शर्टावर राख सांडलेला तो खुर्चीवर उभा राहून हसत होता. इतका आनंदी मी त्याला कधी पाहिला नव्हता.

त्या दुपारी साडेचारला म्हातारा तालमीत कोसळला होता. क्रॉयडनच्या आन्सरिंग मशीनवर नऊ निरोप सापडले. आमच्या घरचाही फोन वाजत राहिला असेल, पण आम्ही सगळे शाळेत आरास करत होतो. गायकांच्या तालमी घेणारा एक तरुण ऐनवेळी उभा राहिला. सोमवारी त्याचा फोटो पेपरात आला; आज त्याच्या नावाआधी 'सर' ही पदवी लागते. म्हातारा चार दिवसांत बरा झाला आणि पुन्हा कधी आजारी पडला नाही. मेव्हण्याने ऑफिसात सांगितलं, "चूक माझी." माझं नाव नाही, सहीचं नाव नाही. त्याचा करार त्यांनी पुढे वाढवला नाही.

आता तो दक्षिण लंडनमधल्या चर्चच्या हॉलमध्ये हौशी मंडळींचे ऑपेरा बसवतो. नायिका एकसष्ट वर्षांची, नायक दातांचा डॉक्टर. तो गुडघे टेकून प्रेम व्यक्त करतो आणि उठताना पियानोला धरतो. त्यांच्याही तालमी हा राजवाड्यात कार्यक्रम असल्यासारख्या घेतो. मी एकही कार्यक्रम चुकवलेला नाही. आजवर चौतीस झाले. नंतर तो मला स्टेशनवर सोडायला येतो. प्लॅटफॉर्मवर मी सहा वेळा ते वाक्य सुरू केलं आहे, "त्या शनिवारी मी तुला..." प्रत्येक वेळी तो डावा हात वर करतो, तळवा खाली, अगदी हलकेच, ट्रॉम्बोनवाले जरा मोठ्याने वाजवू लागले की करतो तसा. मला सूर कळत नाही, ताल कळत नाही, पण मी थांबतो. मग तो ताईच्या गुडघ्याची चौकशी करतो, आणि माझी ट्रेन येते.