आमलीतल्या सीलबंद पुड्या

पोलीस नोकरीतल्या पुष्कळ घटना आता पुसट झाल्या. सिल्वासाच्या आमली भागातली ही मात्र अजून जशीच्या तशी आठवते.

त्या दिवसांत कामगारांच्या फोनवर एक व्हिडिओ फिरत होता. देशाच्या तिजोरीत सोनं उरलेलंच नाही, आता सरकार घराघरातलं सोनं गोळा करणार, असं त्यात सांगितलं होतं. टपऱ्यांवर वाद रंगत. वाद घालणं हा गुन्हा नव्हे, म्हणून आम्ही दुर्लक्ष केलं. ती आमची चूक.

मग एका शिक्षिकेनं ठाण्यात येऊन खबर दिली. "आमच्या चाळीत एकजण बायकांचे दागिने पुडीत बांधून लाखेचं सील लावून देतो. सील असलं की सरकार हात लावत नाही म्हणे. फक्त सहा महिने उघडायचं नाही."

पुडी घरातच राहते, मग फसवणूक कसली, असं माझा हवालदार म्हणाला. मला ते 'उघडायचं नाही' खटकलं.

पण फिर्याद द्यायला कुणी पुढे येईना. सील तुटलं तर सोनं जाईल, ही भीती. अखेर सूत कारखान्यात काम करणारी धुळ्याकडची एक बाई पुडी पदराखाली धरून आली. आत तिच्या आईची पोत होती, नवऱ्याला न विचारता दिलेली.

"साहेब, फोडली आनि सोनंच निघालं तं?"

"तर तुमच्या घरी येऊन माफी मागेन."

दोन पंचांसमोर तिनं स्वतः सील तोडलं. आतून पितळी वायसर निघाले. ती रडली नाही. ते माझ्या टेबलावर सरकवून म्हणाली, "लिहा साहेब."

पुड्या बांधणाऱ्या त्या माणसाला त्याच दुपारी ठाण्यात आणलं. शिकलेला, शांत. "मी लोकांना सावध केलं. तिजोरी भरलेली असेल तर दाखवा," हेच तो तासभर बोलत राहिला. मी बोलू दिलं. त्या वादात शिरलो असतो तर तोच जिंकला असता. मग मी साधा प्रश्न विचारला.

"मघाशी तुमची बायको आली होती. गळ्यातलं मंगळसूत्र सोन्याचं?"

"हो."

"मग त्याची पुडी का नाही बांधली?"

त्यानं पाणी मागितलं. ते पिऊन जवळच्या अथाल गावातल्या आपल्या खोलीचा पत्ता दिला. पुडी बांधताना हातचलाखीनं बदललेले सगळे दागिने तिथे तांदळाच्या पिंपात होते.

ओळख पटवताना त्या बाईनं पोतीचा दोरा बोटांनी चाचपला. "हाई गाठ मनी मायनी शे," म्हणाली; गाठ तिच्या आईच्या हातची होती. कोर्टाच्या आदेशानं पोत परत मिळाली, तेव्हा नवरा सोबत होता. त्यानंच ती तिच्या गळ्यात बांधली.

देशाचं सोनं जागेवर आहे का, हे विचारायचा हक्क प्रत्येकाला आहे. पण या प्रकरणानंतर घाबरून आलेल्या प्रत्येकाला मी आधी एकच विचारत असे: ही शंका तुमची स्वतःची, की कुणी घरपोच आणून दिलेली?