सुनंदा बॅले बघायला जायची

"सुनंदा गेली. पहाटे, झोपेतच. तुम्ही केतकीला कळवा." एवढं बोलून श्रीधररावांनी फोन ठेवला. माझी शाळेपासूनची मैत्रीण गेली हे मनात उतरायच्या आधीच मी चमकले... केतकीचा नंबर माझ्याकडे आहे, हे त्यांना कसं ठाऊक? लेकीनं इरफानशी लग्न केलं, त्या दिवसापासून या गृहस्थांनी घरात तिचं नावही निघू दिलं नव्हतं.

त्याला आता दीड महिना होईल. सुनंदा नारायण पेठेत राहत्या घरीच कथक शिकवायची. जीभ तिखट आणि ताल पक्का. शिष्या चुकली की म्हणायची, "बाळ, पाय तुझेच आहेत ना?" पण नवऱ्यापुढे मात्र ही तिखट बाई गप्प. "मला घरही हवंय आणि लेकही," एवढंच मला सांगायची. अशातच एकदा आमच्या फिल्म क्लबात एक बॅले दाखवणार असल्याचं कळलं. परदेशी रंगमंचावर चित्रित केलेला, दोन वैरी घराण्यांतल्या प्रेमिकांच्या त्या जगप्रसिद्ध शोकांतिकेवरचा. "रेखाबरोबर बॅले बघायला जाते," असं घरी सांगून सुनंदा निघाली. केतकीला मी बोलावलं होतं. दिवे मालवल्यावर ती हळूच येऊन आईशेजारी बसली आणि दोघींनी एकमेकींचा हात जो धरला तो मध्यंतरापर्यंत सोडला नाही.

बॅलेत संवाद नसतात, त्यामुळे मायलेकींना कुजबुजायला मोकळं रान. "पायात घुंगरू नाहीत, म्हणून चुका झाकल्या जातात यांच्या," सुनंदानं लगेच निकाल दिला. मग सज्जाखालचा नाच सुरू झाला, कॅमेरा त्या मुलीच्या हातांवर आला, आणि सुनंदा खुर्चीत पुढे सरकली. "हात बघ हिचे... शब्द नाही एक, आणि काही सांगायचं राहिलं नाही." शेवटी मुलांच्या कलेवरांपाशी दोन्ही बाप हातात हात देतात, तेव्हा मात्र ती एवढ्या मोठ्यांदा "आता सुचलं, मेल्यांनो!" म्हणाली की पुढच्या रांगेतले लोक वळून बघायला लागले. त्यानंतर क्लबात नाचाचं काहीही लागलं की आमची तिघींची बैठक ठरलेली. लेकजावयाला आवडतात म्हणून सुनंदा सुरळीच्या वड्यांचा डबा आणायची. "अगं, सांगून टाक त्यांना," मी दर वेळी म्हणायचे. "त्यांनी विचारू देत, मग सांगते," हे तिचं ठरलेलं उत्तर.

तेरावा झाल्यावर मी श्रीधररावांना भेटायला गेले आणि न राहवून विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"अहो, मला डाळीचं पीठ चालत नाही. तुम्हाला त्यानं पित्त होतं. मग डबाभर वड्या काय पडद्यावरचे नाचणारे खात होते?"

मला हसू आलं, आणि त्याच्या मागोमाग रडूही. "मग बोलला का नाहीत?"

"ती सांगेल म्हणून थांबलो होतो..." ते खिडकीकडे बघत म्हणाले. "राग तर केव्हाच गेला होता."

आमच्याकडे न विचारता सांगणं हा आगाऊपणा आणि विचारणं हा भोचकपणा. एकाच छताखाली, ताटाला ताट लावून जेवणारी दोन माणसं या शिष्टाचारापायी गप्प राहिली, आणि सुनंदाला लेक भेटली ती फक्त अंधारात. मला अजून राग येतो. कोणाचा, ते मात्र नीट सांगता येत नाही.

गेल्या आठवड्यात क्लबानं तोच बॅले पुन्हा दाखवला. मी श्रीधररावांना नुसती वेळ कळवली. ते आले, इस्त्रीचा शर्ट घालून. केतकी आधीच येऊन बसली होती. तिला पाहून ते थबकले, मग त्याच रांगेत एक खुर्ची सोडून बसले. कोणी कोणाकडे बघेना. मी मागच्या रांगेत बसले होते. इतक्यात उशिरा आलेल्या एक बाई त्या मधल्या खुर्चीपाशी वाकल्या आणि म्हणाल्या, "इथे कोणी बसलंय का?"

"हो," बापलेक एकदमच म्हणाले.