पेटीमास्तरांचं अर्धं ताट

पेटीमास्तरांइतका ईश्वरभक्त कलावंत मंठ्यात झाला नाही, असं त्यांच्या शोकसभेत तीन वक्त्यांनी सांगितलं. मास्तर दर गुरुवारी देवळात पेटी वाजवत, हे खरं. का वाजवत, ते मी एकदा विचारलं होतं. "गावात एवढा एकच पंखा बराबर चालून राह्यलाय," ते म्हणाले. त्या सभेचा अध्यक्ष मी होतो आणि हे मी सांगितलं नाही. न सांगितलेलं आणखीही काही होतं. ते इथे लिहितो.

मास्तर प्राथमिक शाळेत शिकवत आणि संध्याकाळी घरी पेटी शिकवत. नव्या विद्यार्थ्याला महिनाभर सुरांना हात लावू देत नसत. डाव्या हाताने नुसता भाता हलवायचा. "आधी हवा, मंग सूर," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पालक कुरकुरत, "मास्तर, पोरगी पेटी शिकायला येती का चूल फुंकायला?" मास्तर म्हणत, "चूल तरी बराबर फुंकंल." समारंभात एखाद्या पाहुण्याचं भाषण लांबलं, की ते एका पट्टीवर बोट ठेवून भाता हळूच सोडून द्यायचे. पेटी मोठा उसासा टाकायची. त्यानंतर बहुतेक पाहुणे दोन मिनिटांत आटोपत. मी हायस्कुलात मराठी शिकवायचो, वाचनालयाचा चिटणीस होतो आणि भाषणं करायचो. तो उसासा मलाही दोनदा मिळाला आहे.

निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी त्यांना एका सकाळी चक्कर आली. डावा हात जड झाला. जालन्याला आठ दिवस दवाखान्यात काढून ते स्वतःच्या पायांनी एसटीतून उतरले. हात हलत होता, बोलणं स्वच्छ होतं. मास्तर बरे झाले, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

मग गमती सुरू झाल्या. मास्तरांची दाढी उजव्या गालावर गुळगुळीत आणि डाव्या गालावर आठवड्याची. वाचनालयात पेपर उघडला की उजवीकडचे रकाने वाचायचे आणि म्हणायचे, "हल्ली पेपरवाले बातमी मधूनच सुरू करून राह्यले." दारातून आत येताना डावा खांदा चौकटीला धडकायचा, ते चौकटीलाच रागावायचे. सगळ्यात अजब प्रकार पेटीचा. उजव्या हाताची बोटं पट्ट्यांवर सफाईने फिरायची, पण डावा हात मांडीवर पडून. भाता हलायचाच नाही. आवाज नाही म्हटल्यावर मास्तर पेटीकडे संशयाने पाहायचे. मेंदूवर आमच्या वाचनालयात दोन पुस्तकं होती आणि ती दोन्ही मी वाचली होती. तरी मी निदान केलं ते असं, की म्हातारपणी माणूस विक्षिप्त होतो. अर्ध्या दाढीवर केलेला माझा विनोद चहाच्या टपरीवर चांगला चालला.

त्याच सुमारास साळवे सरांनी घर बांधलं. साळवे सर हायस्कुलात माझे सहकारी आणि त्यांच्या पत्नी सरकारी दवाखान्यात नर्स. त्यांना सगळे सिस्टरच म्हणत. त्यांची मुलगी सुजाता मास्तरांकडे पेटी शिकायची. बौद्ध म्हणून भाड्याची खोली मिळवताना या कुटुंबाने किती दारं पाहिली होती, हे मला ठाऊक होतं. म्हणून घराच्या पंगतीला साऱ्या गावाला बोलावणं होतं. कोण येतं, आणि येऊन जेवतं की नुसतं पाणी पिऊन जातं, याकडे सगळ्यांचं लक्ष होतं. माझं जरा जास्तच. मी वाढायला उभा राहिलो होतो.

मास्तर पहिल्या पंगतीत बसले. पंगत उठायच्या बेताला मी त्यांच्यासमोर आलो तर पत्रावळीची उजवी बाजू पुसून घेतल्यासारखी स्वच्छ आणि डावीकडची कोशिंबीर, भजी, सिस्टरांनी स्वतः केलेल्या खिरीची वाटी, सगळं जसंच्या तसं. भातसुद्धा सुरीने कापल्यासारखा अर्धाच संपलेला.

मी मोठ्याने म्हणालो, "काय मास्तर, साळव्यांच्या घरची खीर गळ्याखाली उतरंना वाटतं?"

मास्तरांनी पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मला कुठं वाढली खीर? मी कवाची वाट पाहून राह्यलो."

वाटी समोर असताना हे ऐकून मला चेव आला. समतेवर मी जे बोललो ते चांगलं बोललो असणार, कारण दोघांनी टाळ्या वाजवल्या. साळवे सर म्हणाले, "सर, जाऊ द्या." मी जाऊ दिलं नाही. मास्तर उठले, चौकटीला खांदा धडकवून बाहेर पडले आणि घरी गेले. आठवडाभरात गावाला कळलं, की मास्तर जात पाळतात. आयुष्यभर ज्यांनी कोणत्याही घरच्या पोरांना एकाच सतरंजीवर बसवलं, त्यांना त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात पेटीसाठी बोलावलं नाही. तो ठराव मी मांडला होता.

सिस्टर मात्र दुसऱ्याच दिवशी खिरीचा डबा घेऊन मास्तरांकडे गेल्या होत्या. समोर बसून त्यांनी एकच केलं. मास्तरांचं निम्मं जेवण झाल्यावर ताट अर्धं फिरवलं. मास्तर आनंदाने म्हणाले, "आता वाढली बघा खीर!" आणि सगळी संपवली. माझी दोन पुस्तकं तिथे संपली. मास्तरांचे डोळे शाबूत होते. पण डावीकडे जग आहे, हेच त्यांचा मेंदू विसरला होता.

पुढे सुजाता रोज त्यांच्या डाव्या हाताला बसून भाता हलवू लागली. सूर निघाला की मास्तर भूप धरायचे, आणि वाजवता वाजवता मान हळूहळू आवाजाच्या बाजूने वळायची. मग डावीकडची खिडकी, पाण्याचा तांब्या, सुजाता स्वतः, एकेक दिसू लागायचं. पेटी थांबली की चहाचा कप संपेपर्यंत ते टिकायचं; पुन्हा डावीकडचं विझायचं. म्हणून सिस्टरांनी नियम केला: आधी भूप, मग ताट. काही वर्षांनी सुजाता औरंगाबादेला शिकायला गेली. तिने सुट्टीत येऊन सांगितलं, की मोठ्या शहरांत डोक्याला बारीक करंट देऊन मेंदूची ती बाजू जागी करायचे प्रयोग चालतात, आणि आवडीचं संगीत ऐकवूनही. मास्तर म्हणाले, "करंट? बाई, इथं लाईट दिवसातून चार घंटे न्हाई. आपला भाता बरा."

खिरीचं सिस्टरांकडून मला कळलं, ते पंगतीनंतर चार महिन्यांनी. मी माफी मागायला गेलो. मास्तर सतरंजीवर बसले होते, सुजाता पेटी पुसत होती. दोन्ही बाजूंना एकेक खुर्ची होती. मी डावीकडच्या खुर्चीवर बसलो. माफी मी घरून नीट जुळवून आणली होती. ती म्हणून टाकली. मास्तर उजवीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत राहिले. "सुजाता, कोण बोलून राह्यलंय गं?"

तिने माझ्याकडे पाहिलं आणि भाता हलवला. मास्तरांची बोटं चालू लागली. मान वळत वळत माझ्यापर्यंत आली. "अरे, सर! कवा आल्ते तुम्ही?"

"आत्ताच," मी म्हणालो.

"मंग बोला की."

मी पावसापाण्याचं बोललो. चहा घेतला. त्यानंतर ते सात वर्षं जगले. मी अधूनमधून जात राहिलो; उजवीकडची खुर्ची प्रत्येक वेळी रिकामी होती.

शोकसभेत मी मास्तरांच्या समतावादी वृत्तीवर पंचवीस मिनिटं बोललो. पेटी टेबलावर हार घालून ठेवली होती. भाता बंद होता. सभेनंतर सिस्टर भेटल्या. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर सोपं गेलं असतं.

"सर, घराच्या पंगतीला तुमचं ताट तसंच ऱ्हायलं होतं बघा. मी संध्याकाळपर्यंत झाकून ठेवलं. त्या गडबडीत विचारायचंच ऱ्हाऊन गेलं. पोटाचं काही होतं का तुम्हाला?"

मी हो म्हणालो.

पोटाला काही झालं नव्हतं. मी घरून जेवून गेलो होतो.