बाडाबंदीतला साखरपुडा

जयपूरला उतरताना माझ्या डोक्यात हवामहाल होता. मृणालने मला स्टेशनावरून थेट शेजारणीच्या विजयाचे लाडू खायला नेलं. मृणाल माझी भाची. इथल्या मेडिकल कॉलेजात शिकवते आणि शास्त्रीनगरात राहते.

"मावशी, हवामहाल कुठे जात नाही. संतोषजींना मात्र उद्या घेऊन जातील, मतलब, पार्टीवाले," ती म्हणाली.

संतोष म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मिशा येतात. इकडे ते बायकांचंही नाव असतं. या संतोषजी ठसठशीत कुंकवाच्या, मोठ्याने हसणाऱ्या, आणि नुकत्याच अपक्ष पार्षद (नगरसेवक) झालेल्या. लाडू खाता खाता त्यांनी मला रविवारच्या साखरपुड्याचं आमंत्रण देऊन टाकलं. त्यांची मुलगी कीर्ती लाजून आत पळाली.

मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचे, त्यामुळे इथली पद्धत नीट विचारून घेतली. लोक पार्षद निवडतात आणि पार्षद गुप्त मतदानाने महापौर. मधल्या दिवसांत कोणी फुटू नये म्हणून दोन्ही पक्ष आपापले पार्षद रिसॉर्टात नेऊन ठेवतात. याला इकडे 'बाडाबंदी' म्हणतात (बाडा म्हणजे गुरं कोंडायची जागा). वर्तमानपत्रं हा शब्द बिनदिक्कत छापतात आणि पार्षद स्वतःबद्दलही वापरतात. एवढा प्रामाणिकपणा आमच्या पाठ्यपुस्तकात नव्हता. यंदा दोन्ही बाजू तोडीस तोड निघाल्यामुळे संतोषजींच्या एका मताला सोन्याचा भाव आला होता. त्यांनी एका पक्षाकडून दोन गोष्टी कबूल करून घेतल्या. गल्लीतली उघडी नाली बांधायची आणि रविवारी त्यांना घरी सोडायचं.

सकाळी पांढरी गाडी आली आणि त्यांना घेऊन गेली.

मग मी शहर पाहिलं. हवामहालाच्या समोर उभं राहून प्याज कचोरी खाल्ली, हात भाजून घेतला, आणि नाकाडोळ्यांतून पाणी येत असताना फोटोही काढून घेतला. परत आले तर शेजारी रडारड. रविवारी सुट्टी नाही, असा निरोप आला होता. त्याऐवजी 'सगाई' रिसॉर्टातच करा. मांडव, जेवण, फुलं सगळं पक्षाकडून.

तेव्हा रविवारी आम्ही वऱ्हाडी बनून निघालो. सीतापुऱ्याचे कारखाने मागे पडले, कामगारांच्या बसची गर्दी विरळ झाली, आणि धुळकट माळावर एकदम हिरवंगार लॉन उगवलं. फाटकावर आमचे मोबाईल जमा करून घेतले. माझ्या पिशवीतला चष्मासुद्धा पहारेकऱ्याने उघडून पाहिला. आत पार्षद मंडळी पोहत होती, पत्ते कुटत होती. संतोषजी मात्र नव्या ओढणीत सारख्या फाटकाकडे बघत होत्या.

मुलाकडची मंडळी आली आणि फाटकावरच अडली. मुलाचे ताऊजी (थोरले काका) दुसऱ्या पक्षाचे जुने कार्यकर्ते निघाले. बाकी सगळे आत या, हे नाही!

"मैं सगाई में आया हूँ, थारी पार्टी में कोनी आया," ताऊजी कडाडले. (तुमच्या पार्टीत नाही आलो.)

आतले नेताजी हात जोडून म्हणाले, "आप हमारे मेहमान हैं. बस, बाहर ही रहिए."

संतोषजी पुढे झाल्या. "नेताजी, मैं ही पाँच मिनट बाहर चली जाती हूँ."

"बहनजी, उन्हीं पाँच मिनटों में तो सरकारें चली जाती हैं."

ताऊजींशिवाय शगुन नाही, असं मुलाकडच्यांनी सांगितलं आणि गाड्या वळवल्या. कीर्ती नटूनथटून तशीच उभी. संतोषजींनी तिला जवळ बसवलं आणि एकेक घास भरवला. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला. जेवण मात्र उत्तम होतं. जाताना नेताजींनी आम्हाला मिठाईचे डबे दिले.

महापौराची निवडणूक आम्ही टीव्हीवर पाहिली. बसमधून पार्षद उतरले, प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना एकेक कार्यकर्ता. निघण्यापूर्वी सगळ्यांनी गंगाजल हातात घेऊन शपथ घेतली होती म्हणे. निकाल लागला आणि नेताजींचा उमेदवार एका मताने पडला. आता शपथ घेतलेला प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघत होता.

संध्याकाळी संतोषजी घरी पोचल्या न पोचल्या तोच ताऊजी पेढे घेऊन हजर. स्वारी खुशीत होती. पक्ष जिंकल्याचा पेढा आणि रिश्ता पक्का झाल्याचा पेढा एकाच पुड्यात होता. त्यांनी तिथेच कीर्तीच्या हातात नारळ ठेवला. साखरपुडा उघड्या नालीच्या काठावर, गल्लीत खुर्च्या मांडून झाला. नाली आता कोण बांधणार, हे कोणीच विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी माझी परतीची गाडी होती. गुप्त मतदान का असतं, हे मी मुलांकडून घोकून घेत असे आणि बरोबर उत्तराला पूर्ण गुण देत असे. शहाण्या माणसाने मत कोणाला दिलं हे विचारू नये, तेही मला ठाऊक होतं. तरी संतोषजी रिक्षापर्यंत पोचवायला आल्या तेव्हा माझ्याने राहवलं नाही.

"मत द्यायला गेलात तेव्हा काय वाटलं?"

त्यांनी माझी पिशवी रिक्षात ठेवली.

"मौसीजी, वहाँ गत्ते की आड़ होती है ना, (पुठ्ठ्याचा आडोसा) उसके पीछे कोई साथ नहीं आया. इतने दिन में पहली बार अकेली थी. मुहर तो झट से लग गई. फिर भी मैं थोड़ी देर वहीं खड़ी रही."