खडी फोडणाऱ्या हातांचं गाणं

१९८७ च्या दुष्काळात विशाखा उमरग्याकडच्या एका कॉलेजात शिकत होती. स्नेहसंमेलनासाठी तिनं गाण्याची व्हिडिओ फिल्म करायची ठरवली. गाणं तिच्या आईचं, धुरपदाबाईंचं होतं. दुष्काळी कामावर खडी फोडताना त्या ते म्हणत. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या उत्तरेश्वरच्या दुकानात दोन व्हीसीआर जोडून विशाखानं हातोडीच्या ठोक्यावर आईच्या हातांचं एकेक चित्र बसवलं.

फिल्म पाहून प्राध्यापक म्हणाले, "हे फुटलेले हात काढ. परंड्याचा किल्ला टाक, शोभेल."

"सर, गाणं ह्याच हातांचं हाय. म्या काढणार न्हाय."

संमेलनातून फिल्म वगळली. त्याच संध्याकाळी विशाखानं आपल्या वस्तीत, भीमनगरात टीव्ही मांडला. अर्धं कॉलेज तिकडं लोटलं. आपले हात दिसताच धुरपदाबाई टीव्हीपेक्षा मोठ्यानं गाऊ लागल्या.